सामावाळा, राहणार समा

समा, बडोदे.
रविवार, २२ ऑगस्ट १९९९

तीर्थरूप दादांच्या पायांशी,

गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून धाकट्या रघुनाथचा नमस्कार. (त्याहून जास्त वाकलो तर उठवायला लीलाला हाक मारावी लागते, आणि ती सध्या मला बघितलं की पदर तोंडाला लावून हसते. त्याचं कारण पुढे येईल.) तुमचं ब्लडप्रेशर काय म्हणतं? मीठ खरोखर सोडलंत की ताटात वाढून घ्यायचं तेवढं थांबवलंत? शालिनीवहिनींचा खांदा आता वर जातो का? तुमच्या त्या इंदूरच्या नव्या डॉक्टरला म्हणावं, आमच्या वहिनींनी त्या हाताने पन्नास-पन्नास पानांच्या पुरणपोळ्या लाटल्या आहेत, जरा आदराने दाब. इकडे आम्ही मजेत आहोत. मृदुला खुशाल आहे, सानवी खुशाल आहे. हे मुद्दाम वरच लिहिलं, कारण तुम्ही तेच शोधत भराभर खाली उतराल आणि वर वहिनींना सांगाल की मी काही शोधत नव्हतो. मला काही मागायचं नाही. निव्वळ खुशालीचं पत्र आहे.

आठ महिने झाले. डिसेंबरात तुमची मुलगी पाच वर्षांच्या पोरीला घेऊन छाणीच्या सासरहून आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ एक बॅग आणि सानवीचं दप्तर एवढंच होतं. देवेशने पुन्हा हात उचलला होता. (पुन्हा हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.) मी बूथवरून तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, दोन दिवस ठेवून घे आणि परत पोचव. मी फोन ठेवला. जन्मात पहिल्यांदा तुमचं बोलणं पुरं व्हायच्या आत ठेवला. तेव्हापासून तुमचं पत्र नाही, आमचा फोन नाही. हे स्थळ मी सुचवलं होतं, असं तुम्ही त्या फोनवर तीनदा ऐकवलंत. खरंच आहे. स्वतःचं वर्कशॉप, मुलगा कष्टाळू, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, ही सगळी वाक्यं माझ्याच पत्रातली. रोज सकाळी मृदुला मला चहा आणून देते तेव्हा ती वाक्यं आठवतात आणि लाज वाटते. सांगून टाकलं, बरं वाटलं.

तर मार्चमध्ये देवेशने निरोप धाडला की खर्चाला एक पैसा मिळणार नाही आणि पोरगी माझी आहे, शाळेतून उचलून नेईन. त्या दिवसापासून मृदुला शाळा सुटायच्या आधी अर्धा तास फाटकाशी जाऊन उभी राहते. (फतेगंजच्या एका बालमंदिरात ती शिकवते. तिथल्या मोठ्या बाईंनी समजून घेऊन तिला लवकर सोडायचं कबूल केलं आहे. तिथला पगार दूध आणि रिक्षा यांच्यातच संपतो.) तेव्हा कोर्टात जाणं आलं: पोटगीसाठी, आणि सानवी आईपाशीच राहावी म्हणून. कोर्टात जायचं म्हणजे वकील आला, आणि वकिलाची फी ऐकून मी खुर्चीतून उठलो तो थेट घरी आलो. मृदुला मात्र परत जाऊन कोर्टाच्या आवारातला एक बोर्ड बघून, त्याचं नाव तिथल्या कोणाकडून वाचून घेऊन आली. मफत कानूनी सहाय. म्हणजे वकील सरकार देणार, आपण काही द्यायचं नाही. मी भडकलो. म्हटलं, आपल्या घराण्यात फुकटचं कोणी कधी घेतलेलं नाही, आबा संस्थानच्या कचेरीत पगडी घालून जात असत. त्यावर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "काका, आबांना पगार कोण देत होतं?" दादा, मी तासभर विचार केला. तुम्हाला उत्तर सापडलं तर कळवा.

मग मी मोहीम हातात घेतली. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी एकदा विरोध सोडला की माझ्याइतका उत्साही माणूस नाही. चाळीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला मी, कागदाच्या कामात बाईमाणसाला एकटीला कसं पाठवणार? जाऊन तो बोर्ड स्वतः वाचला. वाचला म्हणजे शेवटची ओळ वाचली. (वर आठ-दहा ओळी होत्या, पण मान वर केली की मला चक्कर येते.) शेवटच्या ओळीत होतं की वार्षिक उत्पन्न अमुक रकमेच्या आत असलं पाहिजे. झालं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की आपली मृदुला गरीब आहे हे सरकारला पटवून द्यायचं, की वकील मिळाला. त्यासाठी लागतो आवकनो दाखलो. आता आपल्याकडे आवक म्हणजे आलेलं टपाल, आणि गुजरातीत आवक म्हणजे उत्पन्न. हे मला चांगलं माहीत असूनही पहिल्या दिवशी सवयीने मी माझ्या नोकरीचा अनुभवाचा दाखला घेऊन गेलो आणि तिथल्या भल्या माणसाने तो शेवटपर्यंत वाचून, छान आहे काका, असं म्हणून परत दिला.

नंतर कोणीतरी माझ्या कानात घातलं की दाखल्यापूर्वी घर बघायला माणूस येतो. घर! आमचं टेनामेन्ट तुम्ही पाहिलंय. श्रीमंती नाही, पण गरिबी म्हणून दाखवण्यासारखंही काही नाही. मी कामाला लागलो. टीव्ही शेजारच्या निरुपमाबेनकडे नेऊन ठेवला. (वर्ल्डकप चालू होता. तो संपेपर्यंत तिने परत दिला नाही आणि रोज संध्याकाळी मला माझाच टीव्ही बघायला तिच्याकडे चपला काढून बसावं लागलं.) फ्रीजवर लीलाचं जुनं लुगडं टाकलं. आबांचा पगडीतला फोटो फारच संस्थानी दिसत होता, म्हणून भिंतीकडे तोंड करून लावला. हे मी आबांची क्षमा मागून केलं, तरी लिहिताना हात थांबतोय. माणूस काही आला नाही. दुसरेच लोक आले आणि सानवी प्रत्येकाला दारातच सांगू लागली की आमचा फ्रीज लपलाय आणि पणजोबा रुसलेत. मृदुला दोनदा म्हणाली, "काका, मी एकदा जाऊन नीट विचारून येऊ का?" मी म्हटलं, तू मुळीच काळजी करू नकोस. दादा, ह्या एका वाक्याने आपण पुरुषांनी किती घोळ घातले असतील.

आता मुख्य घोळ. गुजराती मी कसं बोलतो ते तुम्ही जाणता. बाजारात मला कोणी मराठी म्हणून ओळखत नाही. पण आपली शाळा मराठी आणि माझी कचेरी इंग्रजी, त्यामुळे गुजराती वाचायची वेळ आली की ती टोपी काढलेली अक्षरं बघून मी जरा अंदाजाने चालतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सहायचा फॉर्म मी घरी आणला, चष्मा पुसला, शाईचं पेन काढलं आणि सगळ्यांना गप्प बसवून भरायला घेतला. अरजदार, मृदुला. ठीक. पुढचा रकाना वाचला आणि मी थक्क झालो: समावाळानुं पूरुं नाम अने सरनामुं. म्हणजे समाला राहणाऱ्या माणसाचं नाव आणि पत्ता! मी लीलाला हाक मारून सांगितलं, बघ, ह्याला म्हणतात कारभार. भागाभागाचे वेगळे फॉर्म छापलेत. छाणीच्या लोकांना छाणीवाळा छापून देत असतील, फतेगंजच्यांना फतेगंजवाळा. आणि मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं, रघुनाथ गणपतराव, राहणार समा. पुढे होतं, अरजदाराशी संबंध. काका लिहिणार होतो, पण वरची ऐट मोडू नये आणि घर तर माझंच आहे म्हणून लिहिलं, घरवाळो. पुढे त्या समावाल्याची आवक विचारली होती. तिथे मात्र घराण्याची अब्रू राखली: पेन्शन नियमित, घर स्वतःचं, प्रकृती उत्तम, व्यसन नाही. मग मृदुलाला बोलावलं आणि जागेवर बोट ठेवून म्हटलं, इथे सही कर. सानवीला ताप होता, तिने घाईत केली.

फॉर्म द्यायला मी एकटाच गेलो. तिथल्या कारकुनाने तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि, तुम्ही स्वतःच का, अशा सुरात विचारलं, "काका, सामावाळा तमे पोते?" मी छाती काढून म्हटलं, "हा भाई, वीस वरसथी!" त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, उठून खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. मला वाटलं, माझं अक्षर आवडलं.

दहा दिवसांनी पाकीट आलं. मी ओट्यावर बसलो होतो, चष्मा आत, म्हणून समोरून चाललेल्या निरुपमाबेनला म्हटलं, जरा वाचो ने. तिचा आवाज तुम्हाला आठवत असेल, सोसायटीच्या नवरात्रात तिला माइक लागत नाही. तिने वाचलं की अरजदार मृदुलाबेन यांनी सामावाळा रघुनाथभाई गणपतराव, नातं घरवाळो म्हणजे नवरा, राहणार समा, यांच्याविरुद्ध भरणपोषण मिळण्यासाठी अर्ज केला आहे, तरी सामावाळाने अमुक तारखेला समाधानासाठी, म्हणजे तडजोडीसाठी, हजर राहावं. चार गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली. तेव्हा मला कळलं की तो शब्द समावाळा नव्हता, सामावाळा होता. कोर्टाच्या गुजरातीत सामावाळा म्हणजे समोरचा पक्ष. ज्याच्यावर दावा आहे तो. एक काना, दादा! एक काना माझ्या चष्म्यातून निसटला आणि मी सहासष्टाव्या वर्षी माझ्या पुतणीचा पोटगी बुडवणारा नवरा झालो, आणि वर तुम्हीच का म्हणून विचारणाऱ्याला वीस वर्षांपासून असं छातीठोक कबूल करून आलो. लीलाने आतून पोळी लाटता लाटता एवढंच म्हटलं की बेचाळीस वर्षांत मला हे मागायचं कसं सुचलं नाही. आणि मग जी हसायला बसली ती अजून हसते आहे.

मृदुला हसली नाही. ओट्यावरच उभी राहून तिने ती नोटीस हातात घेतली, तो फॉर्म कसा भरला ते मला नीट विचारलं, आणि रागावलीसुद्धा नाही. (रागावली असती तर बरं झालं असतं.) म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा बाबांनी शाळेच्या राजीनाम्यावर बोट ठेवलं, मी सही केली. आता तुम्ही बोट ठेवलंत, मी सही केली. काका, यापुढे मी वाचल्याशिवाय सही करणार नाही." मी मान खाली घातली. तुमच्या वाट्याचीही मीच घातली असं समजा.

आणि दादा, त्या पोरीने काय करावं? सानवीला जूनमध्ये गुजराती शाळेत पहिलीत घातलंय. तिचं पुस्तक घेऊन दोघी मायलेकी रोज जेवणं झाल्यावर जमिनीवर बसू लागल्या. सानवी मास्तरीण, मृदुला विद्यार्थिनी. पोरगी पट्टीने अक्षर दाखवायची आणि चुकलं की आईला पुन्हा म्हणायला लावायची. आठ दिवसांत, अहो फक्त आठ दिवसांत, मृदुला मांडवीपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचू लागली. मी इथेच जन्मलो, मला अजून ळ आणि ण यांत दचकायला होतं. तारीख आली तेव्हा तिने स्वतः बोर्डापाशी थांबून वरच्या सगळ्या ओळी वाचल्या. माझ्याकडे वळून फक्त थोडी हसली.

आत पूर्णिमाबेन म्हणून वकीलबाई होत्या, सहायच्या यादीतल्या. वय तिशीचं, टेबलावर हेल्मेट आणि कागदात शेंगदाणे. सामावाळा कोण, म्हणून त्यांनी विचारलं, मी हात वर केला. त्यांनी फॉर्म वाचला, मला बघितलं, मृदुलाला बघितलं आणि शेंगदाण्याचा ठसका लागला. हसू आवरल्यावर मात्र त्यांनी जी सूत्रं हातात घेतली ती बघत राहावी. कोर्टाची भाषा आम्हाला साध्या गुजरातीत, न कळल्यास हिंदीत, आणि सानवीसाठी मराठी म्हणून जे काय बोलल्या त्या भाषेत समजावली. मी संधी साधून माझी पिशवी उघडली. दाखल्यासाठीचे अर्ज, त्यांच्या पोचा, शेजाऱ्यांचे जबाब, रेशनकार्डाच्या नकला, सगळं टाचून नंबर घालून. मृदुला गरीब असल्याचा दोन महिन्यांचा पुरावा. त्यांनी दोन बोटांनी तो गठ्ठा माझ्याकडे परत सरकवला. म्हणाल्या, काका, बेन छे ने? बस. स्त्रीला हा वकील मिळायला आवक विचारतच नाहीत. लहान मुलालाही नाही. आवकीची अट आहे ती तुमच्यासारख्या पुरुषांना! दादा, ती शेवटची ओळ माझ्यासाठी होती, मृदुलासाठी नव्हतीच. मी निदान एक नजर टाका असं म्हणून बघितलं, पण त्यांनी टाकली नाही.

मृदुलाने नवा फॉर्म मागितला. पूर्णिमाबेन म्हणाल्या, मी भरते. ही म्हणाली, नको, मी भरेन. आणि तिथेच बसून, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर ठेवत, स्वतः भरला. सामावाळा, देवेश, राहणार छाणी. संबंध, पती. मागणी, भरणपोषण आणि मुलीचा ताबा. मग आला तो रकाना: सहाय कोणत्या कारणाने मागता. मी पिशवीवर हात ठेवून बसलो होतो. तिने लिहिलं, हुं स्त्री छुं. मी स्त्री आहे. तीन शब्द! पूर्णविराम देऊन तिने पेन खाली ठेवलं आणि मी पिशवीवरचा हात काढला. आपण तिला लहानपणापासून बिचारी, गरीब गाय, म्हणत आलो. मी तर दोन महिने सरकारदप्तरी तिची गरिबी जमवत हिंडलो. आणि ती सरळ ताठ बसून सांगते, कारण विचारता ना, मी आहे हेच कारण. घरी आल्यावर मी आबांचा फोटो सुलटा केला. फ्रीजवरचं लुगडं काढलं. फुकटचं घेतलं म्हणून तुम्ही रागावला असाल तर ऐका: हे दान नाही. कायद्याने तिला द्यायचंच आहे, पगडी घातलेल्या कोणाच्या मेहेरबानीने नाही. मी आता ह्या विषयावर अधिकाराने बोलू शकतो, मी आठ दिवस सामावाळा होतो.

तेव्हापासून आमच्या घरी राज्य बदललं आहे. दुधाच्या बिलापासून माझ्या पेन्शनच्या कागदापर्यंत काहीही मृदुलाने वाचल्याशिवाय घराबाहेर जात नाही. सोसायटीतल्या, समोरच्या चाळीतल्या बायका गुरुवारी संध्याकाळी तिच्याकडे फॉर्म घेऊन येतात. ती भरून देत नाही, शेजारी बसून जिचा तिला भरायला लावते. मी टाचण्या पुरवतो. परवा तर निरुपमाबेनने सगळ्यांदेखत मला हाक मारली, ओ सामावाळा, जरा पाणी आपो ने! मी दिलं.

गेल्या आठवड्यात खऱ्या सामावाळ्याला बोलावलं होतं. देवेश नवा शर्ट घालून आला. पूर्णिमाबेनशी फार गोड बोलला. म्हणे मी तर आजही न्यायला तयार आहे, हिनेच विनाकारण घर सोडलं, आणि हात उचलला म्हणते तर इतक्या वर्षांत कोणाजवळ बोलली का नाही? आता सुचलं का? पूर्णिमाबेनने मृदुलाला विचारलं, बेन, त्या काळात कोणाला लिहिलं होतं का? माहेरी वगैरे, एखादं पत्र? त्या म्हणाल्या, तसं पत्र असलं तर आपली बाजू भक्कम होईल, नसलं तर त्याचा शब्द आणि तुझा शब्द, आणि विनाकारण घर सोडलं असं ठरलं तर पोटगी कठीण, सानवीचंही अवघड. मृदुलाने सानवीच्या वेणीची रिबीन नीट केली आणि म्हणाली, नाही. कोणालाही लिहिलं नव्हतं. समाधान झालं नाही. आता कोर्टाची तारीख पडली आहे, सोळा सप्टेंबर, गुरुवार.

तर अशी सगळी खुशाली. वहिनींना लीलाचा आणि माझा नमस्कार. मीठ खरंच सोडा.

तुमच्या शब्दाबाहेर गेलेला, पण पायांपाशीच असलेला तुमचा धाकटा,
रघुनाथ

ता. क. गणपती तेरा तारखेला बसतात. तुम्ही दोघांनी बडोद्याचे गणपती बघून किती वर्षं झाली? गणपतीला भावाकडे जातोय म्हटलं की इंदूरला कोणी काही विचारणार नाही. सोळा तारीख त्यातच येते, हा योगायोग.

ता. क. २. वर लिहिलं की काही मागायचं नाही. ते खरं नव्हतं. मृदुला तिथे खोटं बोलली, दादा. वाचल्याशिवाय सही न करणारी पोरगी समोरासमोर खोटं बोलली. तिने छाणीहून तुम्हाला तीन पत्रं लिहिली होती, देवेशने केलेलं सगळं तारखेनिशी. वहिनींनी रडत लीलाला सांगितलं होतं. तुम्ही एका कार्डावर उत्तर दिलंत, जुळवून घे. घरी आल्यावर मी तिला विचारलं, असं का केलंस? म्हणाली, ती पत्रं कोर्टात वाचली तर बाबांना सगळं माहीत होतं हे चारचौघांत होईल, त्यांना ते सोसणार नाही. म्हणजे सानवी जायची वेळ आली तरी ती तुम्हाला झाकते आहे. देवघराच्या कपाटात वरच्या खणात आहेत म्हणे. घेऊन या. पोस्टाने नको. स्वतः आणा.

ता. क. ३. पूर्णिमाबेनने साक्षीदारांची यादी मागितली आहे. मृदुलाने सगळी शाईने लिहिली. पहिली ओळ कोरी आहे, पण उजेडात धरली तर तिथे पेन्सिलीने लिहून खोडलेलं दिसतं. मला गुजराती वाचता येत नाही हे आता जगजाहीर आहे, तरी विश्वासराव हे तुमचं नाव मी कानामात्रेसकट वाचलं.

ता. क. ४. हे पत्र मी तिच्या नकळत टाकणार होतो. गादीखालून सानवीने काढून दिलं. मृदुलाने उभ्यानेच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका दुरुस्त केल्या. मी विचारलं, टाकू का? तिने माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि त्यावर तुमचा पत्ता घातला. तेव्हा अक्षर माझं नाही, हे तुम्हाला पाकीट फोडायच्या आधीच कळलं असेल.